साधा कॅमेरा आणि अमावास्येची रात्र

 

मी काही छायाचित्रकार नाही आणि खगोलशास्त्रज्ञ तर मुळीच नाही. इंजिनिअरिंग, मग एमबीए, मग आयटी कन्सल्टिंग आणि बरीच वर्षं दुबई, असा आपल्यातल्या अनेकांसारखाच माझा प्रवास. दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिम्स का चालत नाहीत ते सांगायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हा माझा धंदा. पण गेली काही वर्षं महिन्यातून एखादी रात्र मी वाळवंटात जाऊन आकाशाचे फोटो काढतो. कार्यक्रमाच्या मंडळींना हे कळलं आणि त्यांनी मला इथं बसवलं. "फार टेक्निकल नको," असं बजावलंय. तरी थोडं होणारच, तेव्हा कागद-पेन जवळ ठेवा.

सुरुवात माझ्या पहिल्या फोटोपासून करतो. साल 1997, एप्रिल महिना. हेल-बॉप धूमकेतू आला होता, तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना आठवत असेल. सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या आमच्या गावी, संध्याकाळी वायव्येला तो शेपटीसकट नुसत्या डोळ्यांनी दिसायचा. मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका मित्राकडून रोलचा कॅमेरा मागून आणला. धाब्यावर उभा राहून मी धूमकेतूवर चक्क फ्लॅश मारला. एकदा नाही, सहा वेळा. रोल धुवायला दिला तर स्टुडिओवाला म्हणाला, "या सहा काळ्याच आल्यात, प्रिंट काढल्या नाहीत. पैसे नका देऊ." आप्पा काही बोलले नाहीत. पण रोल महाग होता, हे मला माहीत होतं.

त्या सहा काळ्या फोटोंत आजचा सगळा धडा आहे. धूमकेतूचा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत येतच होता. तो साठवायला मी कॅमेऱ्याला वेळच दिला नव्हता. आपला डोळा एका क्षणात जेवढं दिसतं तेवढंच दाखवतो. कॅमेऱ्याचं तसं नाही. त्याचं शटर पंधरा सेकंद उघडं ठेवलं, तर पंधरा सेकंदांत पडलेला सगळा प्रकाश तो साठवतो. गळक्या नळाखाली रात्रभर बादली ठेवली की सकाळी ती भरलेली सापडते ना, अगदी तसंच. म्हणून आपल्याला न दिसणारे तारे साध्या कॅमेऱ्याला दिसतात. त्यासाठी भारी कॅमेरा लागत नाही. अंधार लागतो, न हलणारा आधार लागतो आणि थोडा धीर लागतो.

आता सामान. माझा कॅमेरा कॅननचा 1500डी आहे, नवशिक्यांसाठी असतो तो, आणि त्याच्याबरोबर मिळणारी 18-55 मिलिमीटरची लेन्स. मुलीच्या बारशाला नाही, पण तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांना वापरलेला. तुमच्याकडे निकॉन, सोनी, काहीही असेल, कपाटात धूळ खात असेल, तरी चालेल. फक्त त्याच्यावर मॅन्युअल मोड हवा, म्हणजे चकतीवर एम असं लिहिलेलं असतं तो. दुसरी वस्तू ट्रायपॉड. यात मात्र कंजुषी करू नका. हलका ट्रायपॉड वाऱ्यानं थरथरतो आणि प्रत्येक ताऱ्याची अळी होते. त्याच्या मधल्या हुकाला पाण्याची भरलेली बाटली टांगली तर बराच फरक पडतो. तिसरी वस्तू डोक्याला बांधायचा लाल दिव्याचा टॉर्च. पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात आणि परत सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. लाल टॉर्च नसेल तर साध्या टॉर्चला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळा. आणि एक जादा बॅटरी ठेवा, कारण लांब एक्स्पोजरमध्ये बॅटरी भराभर उतरते.

आता आकडे. लिहून घ्या. मोड एम. लेन्स सगळ्यात रुंद, म्हणजे 18 वर. अॅपर्चर जास्तीत जास्त उघडं, किट लेन्सवर ते एफ 3.5 असतं. आयएसओ 1600 पासून सुरू करा, अंधार चांगला असेल तर 3200. शटर 15 सेकंद. फोटो रॉ मध्ये काढा, म्हणजे रंग नंतर घरी बसून नीट करता येतात. लेन्सवर स्टॅबिलायझरचं बटण असेल तर ते बंद करा. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना त्याचा उपयोग नाही, उलट कधीकधी तेच चित्र हलवतं.

पंधराच सेकंद का? तर पृथ्वी फिरते म्हणून. तासाला पंधरा अंश या वेगानं सगळं आकाश सरकतं आणि फार वेळ शटर उघडं ठेवलं तर ठिपक्यांच्या रेघा होतात. याचा एक ढोबळ हिशेब आहे. 500 ला लेन्सच्या मिलिमीटरनं भागायचं आणि माझ्यासारख्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर पुन्हा 1.6 नं भागायचं. 18 मिलिमीटरला उत्तर येतं सुमारे 17 सेकंद. आपण दोन सेकंद हातचे राखून 15 धरायचे. लेन्स 55 पर्यंत झूम केली तर मात्र जेमतेम पाच सेकंद मिळतात.

आणि शटरचं बटण बोटानं दाबायचं नाही. दोन सेकंदांचा टायमर लावा. बोटाच्या धक्क्यानं हललेला कॅमेरा तोवर स्थिर होतो.

आता सगळ्यात अवघड भाग, फोकस. अंधारात ऑटोफोकस चाचपडत बसतो आणि शेवटी फोटोच घेत नाही. म्हणून लेन्सवरचं बटण एमएफ वर न्या. मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू लावा, आकाशातला सगळ्यात ठळक तारा किंवा ग्रह चौकटीत आणा आणि भिंगाचं बटण दाबून तो दहापट मोठा करा. मग लेन्सची पुढची कडी अगदी हळू फिरवा. तारा फुगेल, बारीक होईल, पुन्हा फुगेल. जिथं तो सगळ्यात बारीक टिपका होतो तिथं थांबा आणि कडीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका. ही चिकटपट्टी विसरून मी एका रात्रीत नव्वद फोटो धूसर आणलेत. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळेच फोटो सुरेख दिसतात. खरं काय ते घरी कळतं. म्हणून पहिला फोटो काढला की तो तिथंच मोठा करून बघा.

हे सगळं मला कसं कळलं? चुका करून. माझी यूएईतली पहिली मोहीम ऑगस्टमध्ये होती, अल कुद्राला. घरापासून जवळ, रस्ता चांगला, म्हणून गेलो. गाडीत एसी पूर्ण जोरात, बाहेर उकाडा आणि दमटपणा. कॅमेरा बाहेर काढला आणि लेन्सवर अशी वाफ धरली की थंडगार ताकाचा पेला बाहेर ठेवलाय असं वाटावं. पुसली की पुन्हा धरायची. अर्धा तास गेला. यावर उपाय सोपा आहे. कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून ठेवायचा आणि पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा खाली करायच्या. घरचे कुरकुरतात, पण लेन्स बाहेरच्या तापमानाला येते. पुढे थंडीतही पहाटे दव पडतं, तेव्हा लेन्सच्या पुढची काच अधूनमधून लाल टॉर्चमध्ये बघत राहा.

वाफ गेल्यावर फोटो काढले तर आकाश नारिंगी. तो रंग दुबई शहराच्या दिव्यांचा. अंधार मोजण्यासाठी जॉन बॉर्टल यांनी 2001 मध्ये नऊ पायऱ्यांचं एक माप मांडलं. पहिली पायरी म्हणजे निखळ काळोख, नववी म्हणजे मोठ्या शहराचा मध्यभाग. आपण बहुतेक सगळे आठव्या-नवव्या पायरीवर राहतो. अल कुद्राला शिकायला जायला हरकत नाही, ठळक तारे आणि मृग तिथून छान येतात. पण आकाशगंगा हवी असेल तर लांब जायला हवं. अबू धाबी अमिरातीत, अल ऐनच्या दक्षिणेला, अल क्वा नावाचा भाग आहे. दुबईहून गाडीनं दीड-दोन तास. इथल्या हौशी छायाचित्रकारांची ती पंढरी आहे, कारण त्याच्या दक्षिणेला मोठं शहर नाही, नुसती वाळू. उत्तरेकडे राहणाऱ्यांना रास अल खैमाचा जबल जैस आहे. उंचावर धूळ आणि दमटपणा कमी असतो, आणि रस्ता वरपर्यंत पक्का आहे.

कधी जायचं? यासाठी माझं सगळ्यात भरवशाचं अॅप आहे कालनिर्णय. हसू नका. चंद्र आकाशात असला की फिके तारे बुडतात, म्हणून अमावास्येच्या आसपासचा शनिवार शोधायचा. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तो लाल-काळ्या अक्षरांत आधीच छापलेला असतो. चंद्राच्या उगवण्या-मावळण्याच्या वेळा मात्र भारतातल्या असतात, त्या इथल्या म्हणून वापरू नका. त्यासाठी स्टेलॅरियम नावाचं अॅप घ्या. ते तुमच्या जागेवरून त्या रात्री कुठला तारा कुठं असेल तेही दाखवतं.

आकाशगंगेचा सगळ्यात ठळक भाग आपल्या मूळ नक्षत्राच्या, म्हणजे विंचवाच्या नांगीच्या अगदी जवळ आहे. तो मार्च-एप्रिलमध्ये पहाटे दिसतो, जूनमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास आणि सप्टेंबरमध्ये अंधार पडल्या पडल्या. उकाडा आणि धूळ धरली तर आपल्याकडे मार्च ते मे हा काळ त्यासाठी बरा. हिवाळ्यात तो भाग नसतो, पण हिवाळ्यात इथं मृग असतो. आणि त्या मृगाचीच गोष्ट मला आज सांगायची आहे.

2024 च्या डिसेंबरात आई-आप्पा आमच्याकडे आले होते. आप्पा तेव्हा बहात्तर वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, पण घरची शेती, त्यामुळे निम्मे शेतकरीच. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरं राहिलेलं. दुबईत त्यांचं मन रमत नव्हतं. मॉल दाखवले, बुर्ज दाखवला, मरीनातून बोटीत फिरवलं. प्रत्येक वेळी "छान आहे" एवढंच म्हणायचे. मी दिवसभर कामात, मुलगी शाळेत आणि फोनमध्ये. संध्याकाळी सोफ्यावर आम्ही तिघं शेजारी बसायचो आणि बोलायला विषय नसायचा. परदेशात आई-वडील येतात तेव्हा हे बऱ्याच घरांत होतं, पण आपण एकमेकांना सांगत नाही.

30 डिसेंबरला सोमवती अमावास्या होती. त्याच्या आधीच्या शनिवारी, 28 तारखेला, मी अल क्वाला जायचं ठरवलं आणि सगळ्यांना विचारलं. आईनं कपाळाला हात लावला. "अवसेच्या तोंडावर पोरीला घेऊन रानात? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?" मी म्हटलं, "आई, चंद्र नसतो म्हणूनच तर जायचं." आप्पा एकदम म्हणाले, "मी येतो." मग आईनंही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली. म्हणाली, "जायचंच आहे तर उपाशी कशाला?"

नऊच्या पुढे पोचलो. गाडी पक्क्या रस्त्याजवळच्या कडक जमिनीवर लावली, सतरंजी टाकली, दिवे मालवले. पहिली दहा मिनिटं कुणालाच काही दिसत नाही. मग हळूहळू एकेक तारा वर येतो आणि माणूस गप्प होतो. मुलीनं फोन खिशात ठेवला. तिला सांगावं लागलं नाही.

त्या महिन्यात गुरू रोहिणीच्या शेजारीच होता, आकाशात चांगला उंच. मी त्याच्यावर फोकस लावला. पूर्वेकडून मृग वर आलेला, त्याच्या मागोमाग व्याध. आप्पा मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मोठे तेवढे दिसतात रे. बारीक काही दिसत नाही आता. कृत्तिका म्हणजे नुसता धुरळा दिसतोय." आवाजात तक्रार नव्हती. पण मला ते ऐकवलं नाही.

लेन्स 55 वर नेली, कृत्तिकांवर रोखली, आयएसओ 3200, पाच सेकंद. पडद्यावर आलेलं चित्र मोठं केलं आणि कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला, पडदा डोळ्यांजवळ घेतला आणि मोजायला लागले. सहा म्हणजे आपल्याकडचा परंपरेचा आकडा, कार्तिकेयाच्या सहा आया. आप्पा सहावर थांबले नाहीत. अकरापर्यंत गेले. म्हणाले, "लहानपणी मला सात दिसायच्या. सगळे म्हणायचे, सहाच आहेत, खोटं बोलतोस."

मग कॅमेरा मृगाकडे वळवला. लेन्स परत 18 वर, पंधरा सेकंद. ते पंधरा सेकंद फार वेगळे असतात. शटर उघडं असताना कुणी टॉर्च लावायचा नाही, ट्रायपॉडजवळ चालायचं नाही, म्हणून सगळे आपापल्या जागी गप्प उभे राहतात. फोटो आला. मृगाच्या पोटातले तीन तारे, म्हणजे आपला बाण, आणि त्याच्याखाली एक गुलाबी डाग. मुलगी म्हणाली, "बाबा, लेन्सवर काहीतरी आहे." लेन्सवर काही नव्हतं. तो मृगातला तेजोमेघ, तिथं नवे तारे तयार होतात. डोळ्यांना तो राखाडी दिसतो, कॅमेरा हायड्रोजनचा गुलाबी रंग पकडतो. सुमारे 1,300 वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश अठरा मिलिमीटरच्या किट लेन्सनं पकडला.

आप्पा म्हणाले, "तिकांडं. आम्ही याला तिकांडं म्हणायचो." आणि मग न विचारता बोलायला लागले. "बहात्तरला मी दुष्काळी कामावर होतो. खडी फोडायला. वीस वर्षांचा होतो. रात्री तिथंच माळावर झोपायचो आम्ही दहा-पंधरा जण. पोटात फारसं काही नसायचं, झोप लागायची नाही. मग तिकांडं कुठवर चढलंय ते बघून रात्र किती राहिली ते ठरवायचो. घड्याळ कुणाकडं होतं?"

1972 च्या दुष्काळाबद्दल मी शाळेत वाचलं होतं. सुकडी, मिलो, रोजगार हमी, सगळं माहीत होतं. माझे वडील त्या माळावर झोपत होते, हे मला चव्वेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. मुलीनं विचारलं, "आबा, खडी म्हणजे काय?" आणि त्यांनी तिला सांगितलं. हातोडी केवढी, ढीग मोजून पैसे कसे मिळायचे, हाताला फोड आले की काय करायचे. ती ऐकत होती. मी फोटो काढायचे विसरलो.

साडेदहा-अकराच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून मूठभर उंचीवर, एक पांढरा ठळक तारा दिसला. आप्पांनी ओळखला, "अगस्ती." इथं थोडं थांबतो. अगस्ती हा आकाशातला व्याधाखालोखाल तेजस्वी तारा. आपल्याकडे समज असा की अगस्तीचा उदय झाला की पावसाळ्याचं गढूळ पाणी निवळतं. अरब लोक याच ताऱ्याला सुहैल म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीस, साधारण 24 तारखेच्या सुमारास, पहाटे सुहैल दिसायला लागला की कडक उन्हाळा उतरणीला लागला, असं इथले लोक पिढ्यान् पिढ्या मानत आलेत. तिकडे पाऊस सरला, इकडे ऊन सरलं, दोन्हीची खूण एकच तारा. तुमच्या ऑफिसात एखादा सुहैल असेल तर त्याला सांगा, तुझं नाव आमच्याकडच्या एका ऋषींचं आहे. आणि कृत्तिकांना अरबी नाव आहे थुरय्या. दुबईच्या मुश्रिफ पार्कमधल्या खगोल केंद्राचं नाव तेच, आणि आपल्या सिनेमातल्या सुरैयाचंही तेच. रोहिणीचं जगभर चालणारं नाव अल्डेबरान, तेही अरबी. अल दबरान, म्हणजे मागून येणारी. कृत्तिकांच्या मागून येते म्हणून.

अगस्तीचा एक फोटो माझ्या हॉलमध्ये लावलाय. खाली वाळूची टेकडी, वर एकटा तारा, आणि डाव्या कोपऱ्यात सतरंजीवर तिघांची काळी आकृती. त्यांना पंधरा सेकंद हलू नका म्हटलं होतं. आई हलली, म्हणून ती जरा धूसर आलीय. त्या ताऱ्याचा प्रकाश इथवर यायला सुमारे 310 वर्षं लागतात. म्हणजे तो निघाला त्या सुमारास बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले होते. रोहिणीचा प्रकाश साधारण 65 वर्षांचा. तो निघाला तेव्हा आप्पा पहिली-दुसरीत होते. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग आम्ही दोघं बरोबरच इथं पोचलो की."

घरी आल्यावर काय करायचं, तेही थोडक्यात सांगतो. एकच फोटो घेऊन थांबू नका. कॅमेरा न हलवता तसेच दहा-वीस फोटो घ्या. सिक्वेटर नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते हे सगळे फोटो एकावर एक बसवून सरासरी काढतं. त्यानं दाणेदारपणा खूप कमी होतो. साध्या कॅमेऱ्याच्या माणसाला याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा होत नाही. मुलांना गंमत दाखवायची असेल तर कॅमेरा उत्तरेला ध्रुवाकडे लावा आणि अर्ध्या तासात 15 सेकंदांचे शंभरेक फोटो काढा. स्टारस्टॅक्स नावाचं सॉफ्टवेअर ते जोडून ध्रुवाभोवती गोल रेघा काढून देतं. दुबईतून ध्रुव क्षितिजापासून 25 अंशांवर दिसतो, पुण्यातून साडेअठरा. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. भूगोलाचा हा धडा मुलं परत विसरत नाहीत.

आता सुरक्षेचं. एकटे जाऊ नका. साधी गाडी मऊ वाळूत घालू नका, रुतली तर रात्री मदत यायला वेळ लागतो. पाणी भरपूर घ्या, बंद बूट घाला, सतरंजी झटकून मगच गुंडाळा, विंचू असतात. वाळूत लेन्स बदलू नका. लष्करी किंवा सरकारी जागा, आणि दुसऱ्यांच्या घरच्या माणसांकडे कॅमेरा रोखू नका, इथला कायदा याबाबत कडक आहे. ड्रोन परवानगीशिवाय नाहीच. प्लॅस्टिकची एक पिशवीही मागे ठेवू नका, उंट ती खातात आणि मरतात. आणि हिवाळ्यात पहाटे धुकं दाट पडतं. अबू धाबीच्या रस्त्यांवर तेव्हा वेगमर्यादा 80 वर आणतात. डोळ्यांवर झोप असेल तर गाडी काढू नका, तिथंच थांबा, उजाडू द्या. आम्ही त्या रात्री साडेबाराला निघालो. मुलगी आबांच्या खांद्यावर झोपली होती.

तुमच्यापैकी बरेच जण उन्हाळ्याच्या सुट्टीत भारतात जाता, तेव्हा ढग असतात, त्यामुळे आकाश दिसत नाही. जूनमध्ये आपण ज्या मृगाची वाट बघतो, तो तेव्हा सूर्याच्या बाजूला असतो, दिसूच शकत नाही. जमलं तर एकदा डिसेंबरात जा. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. पुण्यातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून लोकांना आकाश दाखवतेय, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम करतं. मुलांना तिथं न्या. आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांनाही न्या.

आप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे झालं. आता ते गावी धाब्यावर झोपतात आणि कधीकधी मला रात्री फोन करतात. इथं साडेनऊ वाजलेले असतात, तिथं अकरा. मी बहुतेक वेळा लॅपटॉपसमोर असतो. ते विचारतात, "तिकांडं वर आलं का रे तुमच्याकडं?" मग मी बाल्कनीत जातो. शहराच्या उजेडातही ते तीन तारे दिसतात. मी सांगतो, "आलंय, पण तुमच्यापेक्षा जरा मागं आहे." मग आम्ही थोडा वेळ बोलतो, खडीबद्दल, पावसाबद्दल, एकदा तर त्या काळ्या आलेल्या सहा फोटोंबद्दलही. त्यांना ते आठवत होते.

तर मंडळी, कपाटातला कॅमेरा काढा, बॅटरी चार्ज करा आणि कालनिर्णयात पुढची अमावास्या बघून ठेवा. पहिल्या खेपेला फोटो बिघडतील. दशम्या मात्र बांधून न्या.